टेकडीवरच्या चर्चमधली जागा

टेकडीवरच्या चर्चमध्ये व्हर्डेल प्रूइटचं वाजवणं सगळ्यांना माहीत होतं, व्हर्डेल प्रूइट मात्र फारशी कुणाला माहीत नव्हती. अमेरिकेतल्या टोलेडो शहरातलं ते गोऱ्यांचं चर्च. बाहेर दगडी मनोरा, आत गुळगुळीत बाकं, आणि मागच्या माडीवर, कोरीव लाकडी जाळीच्या आड, नळ्यांचा भलामोठा ऑर्गन. वाजवणारा खालून दिसत नसे. म्हातारे मिस्टर विंडम आजारी पडले, लेकीकडे गेले किंवा नुसते कंटाळले, की शनिवारी फोन यायचा, "व्हर्डेल, उद्या जमेल ना तुला?" तिला जमायचंच. असं दहा-अकरा वर्षं चाललं होतं. उपासनेच्या छापील पत्रिकेत विंडम असले की 'श्री. रोनाल्ड विंडम' असं असायचं आणि ती असली की नुसतं 'बदली'. बदलीला नाव कशाला लागतं!

तिचं स्वतःचं चर्च डॉर स्ट्रीटच्या बाजूला, काळ्यांच्या वस्तीत होतं. नाव माउंट नेबो, पण डोंगर सोडाच, आसपास साधा उंचवटाही नाही. पूर्वी तिथे गाद्यांचं दुकान होतं. टेकडीवरची उपासना नऊला सुरू होऊन तासाभरात आटपायची. तिथल्या लोकांना देवाशी फार वेळ बोलवत नसे. नेबोत साडेअकराला बसलेली माणसं तीनच्या आत उठली तर पाळकाची तब्येत बरी नाही असं समजायचं. त्यामुळे व्हर्डेलला एकाच रविवारी दोन्हीकडे वाजवता यायचं. नेबोत विजेवर चालणारा छोटा ऑर्गन होता आणि दमट हवेत त्याची एक पट्टी अडकून बसायची.

दिवसा ती शहरातल्या एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांचे कपडे मापाला आणून द्यायची. ती गुडघ्यांवर बसून गोऱ्या बायकांच्या झग्याला टाचण्या लावायची आणि त्या बायका तिच्या डोक्यावरून एकमेकींशी बोलायच्या, नवऱ्यांबद्दल, आजारांबद्दल, आणि कधीकधी काळ्यांबद्दलही. अलाबामातल्या काळ्यांच्या कॉलेजात तिने ऑर्गन शिकून पदवी घेतली होती. ती पदवी बैठकीच्या खोलीत चौकटीत होती आणि तिच्याखाली शेजारपाजारची पोरं येऊन पियानो बडवायची.

नवरा लूशस काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. जिभेने तिखट, पण बायकोवर जीव टाकणारा. सुरुवातीला तो तिला टेकडीवर सोडून बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचा. एका रविवारी पोलिसाने काचेवर टिचकी मारून विचारलं, इथे काय काम? लूशस म्हणाला, बायको आत देवाचं काम करतेय, तिची वाट बघतोय. पोलिसाला ते पटलं नाही. त्याने त्याला बाहेर काढून गाडीवर हात ठेवून उभं केलं, आणि आत व्हर्डेल आशीर्वादाचं गीत वाजवत होती. त्यानंतर लूशस आत येऊन शेवटच्या बाकावर बसू लागला. त्या बाकावर त्याला नेहमीच ऐसपैस जागा मिळायची.

"त्यांना वाटतं मला पाय पसरून बसायला आवडतं," तो म्हणायचा. "फार जपतात गं मला."

तर असं सगळं असताना विंडमचे हात थरथरायला लागले आणि त्यांनी काम सोडलं. जागा रिकामी झाली.

ही जागा व्हर्डेलला किती हवी होती, हे लूशसशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मान हवा होता, नाव हवं होतं, हे खरंच. पण त्याहून जास्त तिला माडीची किल्ली हवी होती. कायमच्या ऑर्गनवादकाकडे ती असते. बदलीला शनिवारी सरावाला जेमतेम तासभर मिळायचा, तोही खाली झाडलोट चालू असताना. किल्ली हातात आली असती तर कुठल्याही संध्याकाळी दुकानातून सुटून ती तिथे जाऊन बसली असती. कॉलेज सोडल्यापासून, ज्याच्यासमोर बसल्यावर आपण जे शिकलो ते सगळं लागतं, असं एकच वाद्य तिला भेटलं होतं, आणि ते त्या जाळीमागे होतं. विंडम स्वतः म्हणाले, "तू अर्ज कर, मी सांगितलंय त्यांना." तिने केला.

निवडीच्या कमिटीवर मिसेस एलडरकिन होत्या. उंच, नीटनेटक्या, कुणाशी वाकडं न बोलणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "व्हर्डेल, आमच्याकडे पक्षपात नाही हं. चार उमेदवार, चार रविवार. कोण वाजवतंय हे मंडळीला सांगायचंच नाही. आम्ही कानांनी निवडणार, डोळ्यांनी नाही."

घरी आल्यावर तिने हे लूशसला सांगितलं. तो बूट काढत होता.

"कानांना पण रंग कळतो, बाई."

"नेहमी वाईटच कसं येतं रे तुझ्या तोंडात?"

"मग काय बोलू? चांगलं वाजव. त्यांच्यासारखं वाजव आणि त्यांच्यापेक्षा चांगलं वाजव."

तिचा रविवार शेवटचा होता. ऑक्टोबर महिना, बाहेर पानगळ. निळा झगा आणि तिची सगळ्यात चांगली टोपी घालून ती माडीवर चढली. सुरुवातीची रचना जुनी, जर्मन, अवघड, दोन्ही पायांना हातांइतकंच काम देणारी. ती अशी वाजली की खाली खोकणारी माणसं खोकायची थांबली. गीतांना तिने असा ठेका धरला की एरवी पुटपुटणारे बाप्ये गायला लागले. शेवटच्या बाकावर लूशस गुडघ्यावर बोटं आपटत होता.

मग प्रार्थना आली. रेव्हरंड लिंडक्विस्ट आजाऱ्यांची नावं घेत होते. सावकाश, एकेक, जशी दर रविवारी घेत. शेवटी ते म्हणाले, "आणि माझी पत्नी इंगर..." आणि थांबले. इंगरला कर्करोग झाल्याचं त्याच आठवड्यात कळलं होतं, आणि ते मंडळीतल्या दोघा-चौघांनाच माहीत होतं. रेव्हरंडनी तोंड उघडलं, पण शब्द येईना. त्यांनी हाताने लाकडी कठडा धरला. खाली माणसं बुटांकडे बघू लागली.

आता नेबोत काय होतं ते सांगायला हवं. नेबोत पाळक असा थांबला तर ऑर्गनवाली त्याला धरते. धरणं हाच तिथला शब्द. माणूस बोलता बोलता खोलात गेला, की त्याच्या पायाखाली हलकेच सूर ठेवायचे, त्याला उभं राहता येईल इतकेच. ते कुठे लिहिलेलं नसतं आणि कुणी खूण करत नाही. व्हर्डेल नऊ वर्षांची असताना मदर टॅल्बर्टने, म्हणजे पांढरे कपडे घालून पहिल्या बाकावर बसणाऱ्या आणि सगळ्या नेबोची आई असलेल्या म्हातारीने, तिच्या पाठीत बोट खुपसून खुपसून तिला हे शिकवलं होतं. त्यानंतर शिकवावं लागलं नाही. डोळ्यांत धूळ गेल्यावर पापणी मिटावी तसं ते तिच्या हातांना झालं होतं.

तर रेव्हरंड थांबले आणि तिचे हात पट्ट्यांवर गेले. आपण कुठल्या चर्चमध्ये आहोत हे ती विसरली होती असंही नाही आणि तिने ठरवलं होतं असंही नाही. तीन-चार सूर, खालच्या पट्टीत, अगदी मऊ. मग थोडे वर. रेव्हरंडनी श्वास घेतला. "...माझी पत्नी इंगर," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या सुरांवर टेकून पुढे चालू लागला. ते रडले, पण बोलले. 'आमेन' झालं तेव्हा व्हर्डेलने पट्ट्यांवरून हात उचलले, आणि मगच तिला कळलं की आपण काय केलं. जाळीतून तिने खाली पाहिलं. काही माना वळून वर बघत होत्या.

उपासनेनंतर खालच्या दालनात कॉफी असायची. व्हर्डेल कप घेऊन भिंतीशी उभी राहिली. तिच्या पुढ्यातच दोन बायका बोलत होत्या.

"पहिली रचना ऐकलीस? काटा आला अंगावर."

"चौघांत हाच. मोठ्या संगीतशाळेतला असणार नक्की."

"पण ते प्रार्थनेत काय होतं गं मध्येच?"

"अगं हो! मला वाटलं, आपण चुकून डॉर स्ट्रीटवर तर नाही ना आलो?"

दोघी हसल्या. मग दुसरीचं लक्ष व्हर्डेलकडे गेलं. तिने आपला रिकामा कप पुढे केला. "एवढा आत ठेवशील का गं? आणि साखर संपलीये बघ."

व्हर्डेलने कप आत नेऊन ठेवला. येताना साखरही आणली. का आणली, हे तिला लूशसला कधी सांगता आलं नाही.

मिसेस एलडरकिन तिला शोधत आल्या. "फार सुंदर, व्हर्डेल. प्रार्थनेपर्यंत तर फारच."

"प्रार्थनेत रेव्हरंड अडकले होते."

"अडकले होते ना. पण ती त्यांची खासगी गोष्ट होती गं. न विचारता कुणी एकदम पाठीवर हात ठेवावा, तसं झालं मला. अवघडल्यासारखं. तू मनाला लावून घेऊ नकोस हं." बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं झालं होतं, आणि आपल्याला जे होतं तेच देवालाही होत असणार, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

दोन आठवड्यांनी रेव्हरंड लिंडक्विस्ट व्हर्डेलच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने कॉफी दिली, लोण्याच्या केकचा मोठा तुकडा कापून दिला. लूशस स्वयंपाकघरात भांडी पुसत होता, म्हणजे ऐकत होता.

"मिसेस प्रूइट," रेव्हरंड म्हणाले, "तुमच्याशी थोडं बोलायचं होतं."

इतकी वर्षं 'व्हर्डेल, तू' म्हणणारा माणूस आज 'मिसेस प्रूइट, तुम्ही' म्हणाला, तेव्हाच जागा गेल्याचं तिला कळलं. तरी ती नीट बसून राहिली.

"कमिटीचं म्हणणं असं पडलं की, मंडळीत मिसळून जाईल असं कुणीतरी असावं."

"मी अकरा वर्षं मिसळूनच होते की. कुणाला दिसलेसुद्धा नाही."

रेव्हरंडनी केकचा तुकडा बशीत इकडून तिकडे केला. "तुमच्या वाजवण्याबद्दल कुणाची तक्रार नाही."

"मग कशाबद्दल आहे?"

"ते प्रार्थनेतलं... काही जणांना ती आपली पद्धत वाटली नाही."

"आणि तुम्हाला?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "तुम्ही वाजवलं नसतं तर मी तसाच खाली उतरून निघून गेलो असतो. इंगरचं नाव घेतलं आणि पुढे काहीच उरलं नाही. तुमच्या सुरांनी धरलं मला. मी घरी जाऊन इंगरलाही सांगितलं."

"हे कमिटीत बोललात?"

रेव्हरंड कपात बघू लागले. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. रेव्हरंडचे ओठ हलले, पण शब्द आला नाही, आणि जणू ते पुन्हा त्याच जागी उभे होते, जिथे त्या रविवारी होते. व्हर्डेलने हात मांडीवर ठेवले होते, ते तसेच ठेवले. ती त्यांच्याकडे बघत राहिली. शेवटी त्यांनी घसा साफ केला.

"बदली म्हणून मात्र तुम्ही पूर्वीसारखंच यावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

ते गेल्यावर लूशस फडकं खांद्यावर टाकून दारात आला. "काय गं, मिसेस प्रूइट झालीस म्हणे?"

"झाले."

"बरं झालं. अशीच वाट बघत राहिलीस तर पुढेमागे माणूसही होशील."

त्याला वाटलं ती हसेल. ती उठली, आत गेली, आणि पलंगावर टोपीसकट आडवी झाली. पाहुणा येणार म्हणून तिने घरातल्या घरात टोपी घातली होती.

लूशसच्या युनियनमधल्या एकाने त्यांना वकिलाकडे नेलं. वकील आपल्यातलाच, भला माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "कारखाना असता तर मी उद्याच त्यांना कोर्टात ओढलं असतं. पण उपासनेला कुणी बसायचं ते चर्च ठरवतं. त्यात कोर्ट हात घालत नाही, ताई."

चर्चने मिशिगनकडचा एक तरुण घेतला. गालांवर लाली, बोलायला गोड. तो वाईट वाजवत नव्हता. व्हर्डेलपुढे तो कुठे बसतो, हे विंडम सोडून कुणी विचारलं नाही, आणि विंडमना आता कुणी विचारत नव्हतं.

"फोन आला तर जाणार नाही," व्हर्डेलने लूशसला सांगितलं. तिने मदर टॅल्बर्टलाही सांगितलं आणि देवालाही. फेब्रुवारीत तो तरुण तापाने पडला आणि शनिवारी फोन आला. "व्हर्डेल, उद्या जमेल ना तुला?" पुन्हा 'व्हर्डेल' आणि पुन्हा 'तू'. तिने फोनची वायर बोटाभोवती गुंडाळली, सोडवली, आणि म्हणाली, जमेल. लाज वाटली तिला. पण चार महिने तिने त्या नळ्यांचा आवाज ऐकला नव्हता. तो बाकाखालून पाठीच्या कण्यात चढतो, तसा नेबोतल्या यंत्रातून कधीच येत नसे.

लूशसने तिला टेकडीवर सोडलं. "मी आत येत नाही," एवढंच म्हणाला आणि गेला.

इंगर जानेवारीत वारली होती. रेव्हरंड वाळले होते. प्रार्थनेत त्यांनी मृतांची नावं घ्यायला सुरुवात केली तेव्हाच व्हर्डेलने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. ते नाव आलं आणि रेव्हरंड थांबले. कुणी खोकलं, कुणाचं पुस्तक पडलं. जाळीतून तिला दिसलं की, रेव्हरंडनी मान उचलली आणि माडीकडे पाहिलं. त्यांनी वाट पाहिली. तिच्या बोटांना मुंग्या आल्या. मग रेव्हरंडनी डोळे पुसले, उरलेली नावं भराभर वाचली आणि 'आमेन' म्हणून खाली बसले.

जिन्याच्या तळाशी मिसेस एलडरकिन उभ्या होत्या. त्यांनी व्हर्डेलचा हात दोन्ही हातांत घेतला. "आज अगदी आमच्यातलीच वाटलीस बघ."

"थँक यू, मिसेस एलडरकिन," व्हर्डेल म्हणाली. आणि क्षणभर तिला बरं वाटलं. बाहेर थंडीत लूशसची वाट बघताना त्या बरं वाटण्याची तिला शिसारी आली.

लूशसने तिला तिथून थेट नेबोला आणलं. आत कोंदट ऊब होती, कोटांचा ओला वास होता, मुलं रडत होती. नेबोचे पाळक रेव्हरंड गॅड्सन त्या दिवशी रंगात होते. त्यांच्या भावाला बर्मिंगहॅममध्ये पुरून ते परवाच परतले होते, आणि उपदेशाच्या मध्यावर त्यांना तो आठवला. ते थांबले. व्हर्डेलचे हात पट्ट्यांवर गेले, अगदी वेळेवर, नेहमीसारखे. गॅड्सन त्या सुरांवर पाय ठेवून वर आले, मंडळी उभी राहिली, मदर टॅल्बर्टने पांढरा रुमाल हवेत फिरवला. कुणाला काहीही वेगळं वाटलं नाही. दारात बायांनी तिचे मुके घेतले, सिस्टर प्रूइट, आज तर तू आम्हाला पार देवापाशी पोचवलंस, असं म्हणाल्या. ती मान हलवत राहिली.

गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेचं बर्फ काळं पडलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती म्हणाली, "लूशस, एक विचारू?"

"विचार की."

"मी वाजवते ते... जास्त होतं का रे? प्रार्थनेत मध्येच. कुणी ऐकलं तर कसं वाटत असेल?"

नऊ वर्षांची असल्यापासून ती वाजवत होती, आणि हे तिने कधी कुणाला विचारलं नव्हतं. लूशसने तिच्याकडे पाहिलं. त्याच्याकडे एरवी प्रत्येक गोष्टीला एक टोमणा तयार असायचा. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला, तरी त्याचा पाय ब्रेकवरच होता.